चुलीमागे एक माणूस

तारेने दंड फाटला तेव्हा दीपालीने तार घालणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मोठ्याने केला, आणि ऐकायला कुणीच नव्हतं म्हणून पुन्हा एकदा केला. गेल्या पावसाळ्यापर्यंत तो उतार कुणाचा आहे हे वाडीत कुणी विचारलं नव्हतं. ऐन, किंजळ, करवंदीच्या जाळ्या, खाली पडलेल्या वाळक्या फांद्या. बायका जायच्या, भारा बांधायच्या, यायच्या. मग कुणीतरी मुंबईचा उपटला, त्याने उतार विकत घेतला आणि सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार ओढली. आता जळणाला कातळाचा उघडा सडा ओलांडून पलीकडच्या वहाळात उतरावं लागे. आगोटीच्या आत पावसाळ्याचं जळण घरात येऊन पडलं पाहिजे, हे तारवाल्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्याचं काय अडलं होतं?

भारा खळ्यात टाकून ती घरात शिरली तर चुलीपुढे सासू बसलेली आणि घरभर धूर. सकाळी आणलेला अर्धा भारा चुलीने गिळला होता आणि अजून आमटी व्हायची होती.

"आये, एवडी लाकडा घातलात?"

"ओली हायत ती. मी काय करू?" हौसा म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते आणि पदर तोंडाला होता.

लाकडं ओली नव्हती. दोष चुलीचा होता. ती हौसाच्या सासूने घातलेली, चौदा माणसांच्या भाताचं मडकं बसेल अशी ऐसपैस. तोंड एवढं मोठं की कुत्रं आत जाऊन निजावं, आणि थंडीत निजायचंही. मागे वैल नव्हता, की पुढच्या भांड्याखालून निसटलेला जाळ दुसऱ्या भांड्याला तरी लागावा. दोन्ही बाजूंनी जाळ बाहेर जीभ काढायचा आणि भिंत तापवायचा. आधी भात, तो उतरला की आमटी, ती उतरली की आंघोळीचं पाणी, असं एकामागून एक चालायचं. सासरा भागोजी गुडघ्यांनी धरलेला. दोन्ही वेळा कढत पाणी अंगावर घेतल्याशिवाय त्याला ओटीवरून खाली उतरता येत नसे. घरात आता माणसं उरली होती चार, त्यातली दीपालीची लेक राही तर अजून शाळेत जाणारी. पण चूल मात्र चौदा जणांचंच खायची.

गॅस होता. म्हणजे शेगडी होती, तिच्यावर फुलाफुलांचं प्लास्टिक घातलेलं होतं आणि खाली सिलिंडर होता. हौसाचा थोरला मुलगा आत्माराम आणि त्याची बायको मृणाली ठाण्याहून आले, की प्लास्टिक निघायचं आणि त्यांचा चहा व्हायचा. ते गेले की प्लास्टिक परत. वाडीपर्यंत सिलिंडरची गाडी चढत नाही. तो हातखंब्याहून रिक्षात घालून आणायचा आणि पाखाडीवरून डोक्यावर चढवायचा. तो चढवायचाही दीपालीनेच. मग तिच्या डोक्यावरून आलेल्या गॅसवर तिचा चहा का होऊ नये, हे तिने लग्नाच्या वर्षी एकदा विचारलं होतं. त्यावर सासू आठवडाभर बोलली नव्हती.

"आये, ही चूल काडून वैलाची घालूया. मी घालतो. माज्या मायेराला सगळ्या बायका घालतात," दीपाली म्हणाली. हे ती गेली दोन वर्षं म्हणत होती.

"पितरांचा पान ह्या चुलीवर होता," हौसाने फुंकणी खाली ठेवली. "हिला कुदळ लावायची? माज्या सासूनं चौदा मानसा जेवाया घातली हिच्यावर. तुला चौगांचा जड जातो?"

"लाकडा मी आनतो ना पन!"

"मी नाय आनली? तुज्या आदी ह्या घरात लाकडा काय चालत येत व्हती?"

दीपालीने दंडावरचं रक्त चुलीतल्या राखेने दाबलं आणि ती भांडी घासायला मागे गेली. राग आला की ती भांडी घासायची. त्या घरातली भांडी फार लखलखीत होती.

रात्री नवऱ्याला फोन लावला. विनोद नालासोपाऱ्याला एका गोदामात रखवालीला. त्याच्या मागे ट्रकचे भोंगे वाजत होते. "आई नाय म्हनते तर मागल्या पडवीत घाल ना तुझी," तो म्हणाला. "तिची तिला ऱ्हावू दे." त्याला झोप आली होती. पण दीपालीला ते पटलं.

वारुळाची माती आणली, भाताचं तूस आणलं, शेण घातलं, आणि दोन्ही पायांनी तुडवून तुडवून लोण्यासारखं केलं. दोन दिवस ओल्या पोत्याखाली मुरू दिलं. तोंड मुद्दाम लहान ठेवलं, तीन काटक्या जेमतेम शिरतील एवढं. आत जुन्या खिडकीच्या गजांची जाळी बसवली, म्हणजे राख खाली पडेल आणि वारा वर चढेल. पुढे भाताचं भांडं, त्याच्या मागे जाळाला वाट करून वैल, आणि वैलाच्या मागे तांब्याचा हंडा गळ्यापर्यंत मातीत पुरलेला. जाळ भाताखालून निघाला की आमटीखाली जाणार, तिथून हंड्याला मिठी मारणार आणि मग पत्र्याच्या नळकांड्यातून कौलाबाहेर. निम्म्यात भेगा पडल्या. तिने त्या बुजवल्या, त्या पुन्हा पडल्या. कोपरापर्यंत हात सोलवटले. हौसा मधल्या दारात येऊन बसायची, तांदूळ निवडायची आणि बघायची. बोलायची नाही.

चूल सुकली त्या सकाळी दीपालीने हळदकुंकू वाहिलं, नारळाचं चुडत तोंडाशी ठेवलं आणि काडी ओढली. जाळ आत ओढला गेला, बाहेर नाही. धूर नळकांड्यातून सरळ वर. राही टाळ्या वाजवायला लागली. पुढे भात खदखदत असतानाच वैलावरच्या कुळथाच्या पिठीला कढ आला. भात उतरवून तिने हंड्यात बोट घातलं आणि चटकन काढून घेतलं. तीन लाकडं, आणि तिन्ही कामं.

भागोजी न्हाणीतून आला तो गुडघे चोळत. "आज पानी कडक हाय गो," तो म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप होतं. दीपाली तोंड फिरवून हसली.

हौसा उठली, आत गेली आणि तिने आपल्या जुन्या चुलीवर आपल्यापुरता चहा ठेवला. दुसऱ्या दिवशीही ठेवला. मग रोजच. एवढ्याशा चहाला लाकडांची ओंजळ, आणि खोकताना बरगड्या दिसत. दीपाली म्हणे, "आये, हकडं या, च्या करतो." हौसा ऐकू न आल्यासारखं करी. त्यामुळे भागोजीच्या कौलांतून रोज दोन ठिकाणी धूर निघू लागला, आणि तो अख्ख्या वाडीला दिसू लागला.

शिमगा तोंडावर आला. झाडझुडूप तोडून पालखीची वाट बेणायची, पालखी टेकते ती सहाण सारवायची, मांडव घालायचा. आमच्या गावकीत ह्या कामाला घरं मोजत नाहीत आणि डोकीही मोजत नाहीत, चुली मोजतात. चुलीमागे एक माणूस. एका घरात दोन चुली झाल्या की ते घर दोन झालं, मग भिंत मध्ये असो की नसो. म्हणून एका संध्याकाळी गावकीचा प्रमुख सोनू गावकर दोघा मानकऱ्यांना घेऊन खळ्यात आला. पाणी प्याला, सुपारी कातरली आणि म्हणाला, "भागोजी, तुजी चूल एक म्हनून लिवायची का दोन?"

भागोजी उठून उभाच राहिला. गणपतीत आत्माराम वाटणी मागायला लागला, तेव्हा ह्याच माणसांदेखत भागोजीने शब्द दिला होता. घरात चूल एक आहे तोवर जमिनीचा तुकडा पाडणार नाही, आणि चुली दोन झाल्या तर आडवा येणार नाही. आत्मारामाचा डोळा काजूच्या बागेवर होता. बाग तारेला लागून होती आणि तारवाल्याला ती हवी होती. त्या बागेत दीपाली आळी करायची, गवत काढायची, बिया वेचायची, छाटलेल्या फांद्यांचं जळण आणायची. ती बाग गेली तर तिच्या हातात काही राहणार नव्हतं.

"एकच," भागोजी म्हणाला. "ती मागली पानी तापवायची हाय."

"भात खयं शिजतो?"

भागोजीने मागच्या पडवीकडे पाहिलं. गावकराने सुपारी तोंडात टाकली. "बरा, शिजू दे. इस्तू कुटला घातला तिच्यात? जुन्या चुलीतला न्हेला आसल तर ती त्याच चुलीची. माजा काय म्हनना नाय."

सगळे दीपालीकडे बघायला लागले. ती दाराशी उभी होती. तिला हे ठाऊकच नव्हतं. तिच्या माहेरी, मंडणगडाकडे, नव्या चुलीत काडी ओढतात आणि मोकळे होतात. इथे आधीच्या चुलीतले निखारे करवंटीत घालून न्यायचे, म्हणजे घर तुटत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. खोटं बोलता आलं असतं. पण आपण काय चोरी केली, असं तिला वाटलं.

"काडी ओडली मी," ती म्हणाली.

मानकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण हसला. "मंग येगळीच झाली की. विनोदला कळवलास काय, तुजा घर येगळा झाला म्हनून?"

"दोन मानसा द्यावी लागतील," गावकर म्हणाला. "भागोजी, तुज्या गुडग्यानं तुला वाट बेनवत नाय. विनोद येयल?"

"मी येतो," दीपाली म्हणाली. "दोगांचा काम मी करतो. बगा कोन थकतो ते."

"बाईमानूस मोजीत नाय, बाय."

"चूल कोन पेटवतो? लाकडा कोन आनतो? चूल माजी मोजता आनि मानूस मोजताना मी नाय?"

"गप!" भागोजी ओरडला. सुनेवर तो कधी ओरडला नव्हता. गावकराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात भागोजीला मारल्यापेक्षा जास्त लागला. ती माणसं गेल्यावर तो जेवला नाही. आंघोळही केली नाही. हंड्यात पाणी कढत होतं ते तसंच निवलं.

दीपाली सासूपुढे जाऊन उभी राहिली. "आये, मी काडी ओडली तवा तुमी दारात व्हतात. तांदूळ निवडीत व्हतात. बगत व्हतात."

हौसा चुलीतली राख पुढे ओढू लागली.

"एक सबूद बोलायला काय झाला व्हता तुमाला?"

"तुला वाटला व्हता ना तुला सगळा येता?" हौसा म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

बातमी ठाण्याला पोचायला वेळ लागला नाही. आत्माराम आला तो गाडी घेऊन, मृणालीला घेऊन आणि हातखंब्याचा एक जमिनीचा दलाल बरोबर घेऊन. सकाळची वेळ होती. दलाल गॉगल कपाळावर चढवून खळ्यात खुर्ची टाकून बसला. आत्मारामने साक्षीला सोनू गावकरालाही बोलावून घेतलं होतं. मुलगा आला म्हणून हौसाने जुनी चूल भरून पेटवली होती आणि त्याच्या आवडीच्या तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. गॅसवरचं प्लास्टिक निघालं होतं. चहा झाला होता.

मृणाली नाकाला ओढणी लावून स्वयंपाकघरात डोकावली आणि मोबाईलने हौसाचा, चुलीचा फोटो काढला. "किती मस्त ना? चुलीवरच्या भाकरीची चवच वेगळी," ती म्हणाली आणि डोळे चोळत बाहेर पळाली. दीपाली मागच्या पडवीत भाताला आधण ठेवत होती. तिला वाटलं, हिला धरून आणावी, ह्या धुरात एक पावसाळा बसवावी आणि मग चव विचारावी.

बाहेर आत्माराम बापाशी गोड आवाजात बोलत होता. "बाबा, मी तुम्हाला जबरदस्ती करत नाहीये. तुमचाच शब्द आहे. चुली दोन झाल्या, गावकीने मोजल्या. सुरुवात दीपालीनेच केली, मी नाही. आता फक्त ते कागदावर घेऊ. काजूचा भाग माझ्याकडे येऊ दे, घर ठेवा तुम्ही."

भागोजी ओटीवर पाय लांब करून बसला होता. त्याने सुनेकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि म्हणून ती दीपालीला सोसली नाही. दाराआडची कुदळ उचलून ती तरातरा मागे गेली.

"मोडतो माजी चूल!" तिचा आवाज खळ्यापर्यंत गेला. "मोडतो, आनि मग मोजा किती ऱ्हातात ती!"

आत्माराम हसत दाराशी आला. "मोडून काय उपयोग? एकदा वेगळी मांडलीस ती मांडलीस. उद्या पुन्हा घालशील."

"दादा, मी चूल मांडली नाय, घातली! लाकूड कमी लागावा म्हनून घातली. तुमी गाडीतून फिरता, तुमाला काय ठावं भारा काय असतो ते!"

"दीपाली, मोठ्यांशी बोलतेयस."

कुदळ वर गेली होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तवा आपटल्याचा आवाज आला. हौसा बाहेर आली. तिच्या हातांना पीठ होतं. ती कुणाकडे न बघता मागच्या पडवीत आली, भागोजीच्या आंघोळीला काढून ठेवलेली कढत पाण्याची बादली तिने उचलली आणि वाकडी होत, पाणी हिंदकळत, ती आत घेऊन गेली. दीपाली कुदळ टाकून मागे धावली. पण पोचेपर्यंत हौसाने बादली चुलीत रिकामी केली होती.

पेटत्या चुलीवर पाणी आमच्याकडे कुणी घालत नाही. मेल्या घरातही घालत नाहीत, राखेने विझवतात. चूल किंचाळल्यासारखी फुत्कारली. राख आणि वाफ छतापर्यंत चढली, तव्यावरची भाकरी वाहून खाली आली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तापून दगड झालेली ती माती मधोमध तडकली. आत्माराम दारातून मागे सरकला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर राखेचे शिंतोडे उडाले होते.

"आई! काय केलंस हे?"

"आता मोज," हौसा म्हणाली. तिची पावलं भाजली होती, ती एका पायावर उभी होती. "मोज किती चुली ऱ्हायल्या. सोनू गावकरा, तू बी ये. ये आत, बग. ह्या घरात एक चूल हाय. मागल्या पडवीत हाय. माजा भात तिच्यावर शिजतो, ह्यांचा शिजतो, सुनेचा शिजतो. तुजा शिजवायचा तर तुजा पन शिजल, आतमा. पन बाग काय तुला मिळत नाय."

गावकर आत आला. त्याने भिजलेली चूल पाहिली, मागे जाऊन दीपालीची चूल पाहिली. जाता जाता नळकांड्याला हात लावून पाहिला आणि झटकून घेतला. "एक," तो म्हणाला. खळ्यात येऊन त्याने चपला घातल्या. "एकच हाय. आत्माराम, उगाच मना हाक मारलास तू."

दलालाने गॉगल डोळ्यांवर घेतला होता. आत्माराम थोडा वेळ बापाशी वाद घालत राहिला.  भागोजीला बोलायची गरज उरली नव्हती. मृणाली गाडीत जाऊन बसली होती. जेवायला थांबा असं कुणी म्हटलं नाही.

गाडी वळली तेव्हा दीपाली खाली बसून सासूच्या पावलांना खोबरेल लावत होती. पावलं लाल झाली होती, टाचेवर फोड येत होता. चुलीतून काळं पाणी जमिनीवर पसरत होतं आणि भिजलेल्या राखेचा वास घरभर झाला होता. दीपालीला रडू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही. आला तो पुन्हा राग. दोन वर्षं ती हीच चूल काढा म्हणून हातापाया पडत होती. डोळे दाखवले, दंड दाखवला, रात्रीचा खोकला ऐकवला. तेव्हा पितर आडवे आले, सासूची सासू आडवी आली. आणि आज एका सकाळीत, एका बादलीत, चूल गेली.

"आये," ती म्हणाली, "माज्यासाटी नाय मोडलीत ही."

हौसाने पाय ओढून घेतला. ती खोटं बोलली असती तर दीपालीला चाललं असतं.

"नाय," हौसा म्हणाली. "तुज्यासाटी नाय. बागंसाटी."

दीपालीने तेलाची वाटी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले आणि ती मागच्या पडवीत गेली. भात झाला होता. वैलावरच्या पिठीला साय धरली होती. ओटीवरून भागोजी वाढतेस का म्हणून विचारत होता. राही ताट घेऊन दाराशी आली होती. सासूही भिंतीला धरून लंगडत येत होती.

दीपालीने एक ताट घेतलं, त्यात वाफाळता भात वाढला, वर पिठी ओतली आणि त्याच चुलीपुढे मांडी घालून ती स्वतःच जेवायला बसली. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून ती कढत भात पहिल्यांदा खात होती. सगळे उभे होते.  तिचं जेवण होईपर्यंत ते थांबले.